तुरटीतला डोळा

निखाऱ्यावर तुरटी तडतडली, टम्म फुगली, आणि अंगणभर जमलेल्या बायका ओरडल्या, "डोळा! अगं बाई, डोळाच की!"

नजर उतरवणाऱ्या शेखा तफीदाने तो पांढरा गोळा चिमट्यात उचलला. "मी काय खोटं बोलते? शेजारणीची, त्या रतीबाची नजर! पोराची टाळू तिनेच बोटाने दाबलीय. आता पाण्याचा थेंब द्यायचा नाही. दिलात की नजर आत मुरली!" बाई स्वतः मात्र दर वाक्यागणिक चहाचा घोट घेत होती.

इन्शिराहने लेकराला छातीशी घट्ट धरलं. आठ महिन्यांच्या करमला दोन दिवस जुलाब होत होते. आता तर तो रडेनासाही झाला होता. उद्याच्या विधीसाठी शेखाने दिलेली तुरटी तिने ओढणीला बांधली. "नजर कालव्यात सोडून येते," असं सासूबाईंना सांगून ती लेकराला घेऊन निघाली, ती थेट सरकारी दवाखान्यात.

मुलांच्या डॉक्टर मुनीरा यांनी करमच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी पाज याला. आत्ता!"

"नको हो! मरेल तो!"

"अगं, पाण्यावाचूनच मरतोय!"

डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी चमच्याने द्यायला सुरुवात केली. इन्शिराहने घाबरून डोळे मिटून घेतले. मग तिने सगळी हकिगत सांगितली, तशी डॉक्टरांनी तुरटी मागून घेतली आणि स्टोव्हवर टाकली. ती फुगली.

"बाई गं, पुन्हा डोळा!"

"कुणाचा? मी तर कुणाचंच नाव घेतलं नाही. खड्यात पाणी असतं. त्याची वाफ होते आणि खडा वेडावाकडा फुगतो. घाबरलेल्या माणसाला त्यात हवं ते दिसतं. टाळूचंही तसंच. जुलाबात अंगातलं पाणी गेलं, की ती खाली बसते. कुणाचं बोट लागत नाही."

दुपारी करमने आईची मांडी ओली केली, म्हणजे अंगात पाणी पोचलं होतं. तेवढ्यात सासूबाई त्यांना शोधत, तणतणत आत आल्या. "पाणी पाजलंस? माझ्या नातवाच्या जिवावर उठलीस?"

चमचा आता इन्शिराहच्या हातात होता; तो थांबला नाही. करमने डोळे उघडून त्याच्याकडे तोंड नेलं.

म्हातारीने वाकून नातवाला पाणी पिताना पाहिलं. मग हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माझी दोन लेकरं अशीच गेली. तफीदाच्या आईने पाणी तोडलं होतं. ती... तहानेने गेली का हो?"

"हो, आजी."

म्हातारीने सुनेच्या हातातला चमचा घेतला.

आजीच्या त्या दोन लेकरांना कुणाचीही नजर लागली नव्हती, बायांनो. त्यांना पाणी मिळालं नाही, एवढंच. लेकरू आजारी पडलं की भीती वाटणारच, खुशाल वाटू द्या. पण आधी त्याला पाणी पाजा, आणि डॉक्टरकडे न्या.