पुदिन्याचा वास

एवाल्डनं ते हिरवं पाणी गाल फुगवून तोंडात धरून ठेवलं होतं. हिरड्या झोंबत होत्या, डोळे भरून आले होते, तरी तो थुंकत नव्हता. आरशातला म्हातारा त्याच्याकडे तसेच गाल फुगवून बघत होता आणि दोघांपैकी कुणालाच हसू येत नव्हतं.

शाळेत असताना यायचं. तेव्हा अधूनमधून दातांसाठी फ्लोराइड देणारी बाई वर्गात यायची, प्रत्येकाला इवल्याशा पेल्यात बेचव पाणी द्यायची, आणि ती 'थुंका' म्हणेपर्यंत सगळी पोरं गाल फुगवून एकमेकांकडे बघत बसायची. शेवटी कुणीतरी फसकन हसायचं आणि पुढच्याची पाठ भिजायची. चूळ ही एकट्यानं भरायची गोष्ट आहे, हे त्याला आत्ता म्हातारपणी कळत होतं.

बायको, मायब्रिट, होती तोवर हा प्रश्नच नव्हता. ती पाहुण्यांसमोरसुद्धा सरळ सांगायची, "एवाल्ड, तोंड धुऊन ये." त्याला राग यायचा. मग ती गेली, आणि असं सांगणारं कुणी उरलं नाही. मुलगी दूर गोथेनबर्ग शहरात होती. रविवारी न चुकता फोन करायची, पण फोनवरून वास जात नाही. आपल्या तोंडाला वास येतो का, हे आपलं आपल्याला कळत नाही. त्यासाठी दुसरं माणूस हातभर अंतरावर लागतं. दातांच्या दवाखान्यातल्या बाईला त्यानं विचारलं होतं, पण तिच्या तोंडावर मास्क होता. ब्रश नीट करा, फटी साफ करा, माउथवॉश हा वरचा उपचार, घ्यायचाच तर बिनदारूचा घ्या आणि दिवसातून एकदा पुरे, असं तिनं समजावलं. एवाल्डनं मान डोलावली आणि दुकानात जाऊन सगळ्यांत जास्त झोंबणारी बाटली आणली. जे झोंबतं तेच लागू पडतं, असं त्याचा बाप म्हणायचा.

हा सगळा खटाटोप गुनवोरसाठी होता. ती त्याच्याच इमारतीत, एक मजला खाली राहायची. शाळेत दोन वर्ग मागे होती. जिन्यात मात्र दोघांची गाठ कधी पडत नसे, कारण इथे बाहेर पडण्याआधी माणूस दाराला कान लावतो आणि जिना रिकामा झाल्यावरच कडी काढतो. एवाल्डही तसंच करायचा. पण गुरुवारी चर्चच्या सभागृहात पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि धिरडी असायची, आणि तिथे ती त्याच्या शेजारी बसायची. तिचा नवरा रूने जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती सुपासोबतची वाटलेली मोहरी पुढे सरकवायची, त्याच्या मुलीची चौकशी करायची. आठवड्यातून तेवढीच वेळ कुणीतरी त्याला नावानं हाक मारायचं.

नवी बाटली आणल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी, बोलता बोलता, गुनवोरनं खुर्ची मागे घेतली. एवाल्डनं ओठ मिटून घेतले. म्हणजे वास येत होता तर. त्यानं सकाळची एक चूळ होती तिथे तीन केल्या. पुढच्या खेपेला ती मध्ये एक खुर्ची सोडून बसली. त्यानंतर थेट पलीकडच्या टेबलावर. सभागृहाची व्यवस्था बघणारा ट्युको त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, घरी सगळं बरं आहे ना, कधी बोलावंसं वाटलं तर ये. बिचारा वासाबद्दल किती आडून सांगतोय, असं एवाल्डला वाटलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

म्हणून आज त्यानं खिशात छोटी बाटली घेतली होती. आत जाण्याआधी तो सभागृहाच्या मागे सरपणाच्या छपराआड गेला, इकडेतिकडे बघून झाकण उघडलं आणि मोठा घोट तोंडात घेतला. तेवढ्यात मागचं दार उघडून गुनवोर बटाट्याच्या सालींची बादली घेऊन बाहेर आली.

दोघं जागच्या जागी उभी राहिली. एवाल्डच्या तोंडात पाणी, हातात बाटली. बाईमाणसासमोर थुंकायचं कसं? त्यानं डोळे मिटून ते गिळून टाकलं.

"रूनेसुद्धा इथेच उभा राहायचा," गुनवोर म्हणाली. "याच छपराआड."

एवाल्ड खोकत होता.

"आणि आत यायचा तो असाच पुदिन्याचा वास घेऊन. भरदुपारी. मला वाटायचं, माझा नवरा किती टापटिपीचा." तिनं बादली खाली ठेवली. "तुझ्याबद्दल मला असं वाटलं नव्हतं, एवाल्ड."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हे नशाबंदीवाल्यांचं गाव. बाहेर लोक या सुपाबरोबर गरम मद्य घेतात, इथे लिंगनबेरीचं सरबत घेतात. भरदुपारी पुदिन्याचा घमघमाट सोडत येणारा माणूस काय लपवतो, ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला एकट्यालाच कसं सुचलं नाही? तो आयुष्यात कधी दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता, म्हणूनच.

त्यानं बाटली पुढे केली. तोंडाच्या वासासाठी आहे, मी पीत नाही, असं सांगितलं. गुनवोरनं बाटलीकडे पाहिलंही नाही. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकूनच पिणार.

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली.

"मायब्रिट सांगायची." तो म्हणाला. "वास येतो की नाही ते. आता कोण सांगणार? म्हणून मी आपलं... चुळा भरत राहतो."

गुनवोर सालींची बादली उचलून म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याकडे ये. दात घासून, न्याहारी करून ये. हे हिरवं मात्र अजिबात तोंडाला लावायचं नाही."

रात्रभर बाटली बेसिनवर उभी होती. सकाळी त्यानं दात घासले, मग न्याहारी केली. भाकरीवर खारवलेली हेरिंग मासळी घेतली आणि वर कॉफी प्यायला. नंतर दोनदा हात बाटलीकडे गेला आणि दोनदा मागे आला. मग त्यानं दाराला कान न लावताच कडी काढली आणि एक मजला खाली उतरला.

गुनवोरनं दार उघडलं. ये नाही, बस नाही. उंबऱ्यावरच त्याला थांबवून ती म्हणाली, "फुंक."

रूने असताना वर्षानुवर्षं ती हा शब्द याच दारात म्हणत असणार. एवाल्डला इतकी भीती यापूर्वी कधी वाटली नव्हती. बाटली वर राहिली होती आणि त्याच्याजवळ स्वतःच्या तोंडाशिवाय काही नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि फुंकलं.

डोळे उघडले तर गुनवोरचा चेहरा अगदी जवळ होता. तिचे डोळे मिटलेले होते. गालांवरची बारीक लव दिसत होती, साबणाचा वास येत होता. मायब्रिट गेल्यापासून एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं. दारू आहे की नाही हे कळायला एक क्षण पुरला असता, पण ती तशीच उभी राहिली.

"येतो," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"वास. हेरिंगचा. आणि कॉफीचा." तिनं डोळे उघडले. "बास, एवढाच."

एवाल्डनं मान खाली घातली.

"मायब्रिट काय म्हणायची अशा वेळी?"

"म्हणायची, तोंड धुऊन ये."

"मग जा," गुनवोर म्हणाली. "साध्या पाण्यानं. तोवर मी कॉफी ठेवते."

तो जिना चढून वर गेला आणि नळाखाली ओंजळ धरली. चूळ भरताना त्याला रडू फुटलं, म्हणून त्यानं आणखी एक चूळ भरली. आरशात बघायचं राहूनच गेलं. खालून कपबश्यांचा आवाज येत होता. तिनं दार लोटून घेतलं नव्हतं.