माघारीचं कलम

जोतिबामामाचा अंगठा घ्यायचा, एवढंच काम राहिलं होतं. तेवढ्यासाठी माया पलूसहून दोन एसट्या बदलून वडूजला उतरली आणि तिथून वडापच्या जीपनं वस्तीवर आली.

माया सांगलीला उपयोजित तत्त्वज्ञानात पीएच.डी. करत होती. म्हणजे नेमकं काय, असं तिच्या आईनं, रंगुबाईनं, विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "माणसानं अडचणीत कसं वागावं, ह्याचा अभ्यास."

"त्याला सांगली कशाला लागती?" रंगुबाई म्हणाली होती. "मी चुलीपाशी रोज फुकट सांगत हुते की."

प्रबंधाला हात घालायच्या आधी सहा महिन्यांचा कोर्सवर्क पुरा करावा लागतो. पहिल्या खेपेला माया हजेरीत कमी पडली. पलूसच्या कॉलेजात ती तासावर शिकवायची, आणि तिथले तास सोडले तर नोकरी जायची. ही दुसरी खेप शेवटचीच होती. संशोधन पद्धतीचा पेपर सुटला, विषयाचाही सुटला. उरला संशोधन नीतीचा. त्यात कुणा एका माणसाला भेटून त्यानं आयुष्यात घेतलेला अवघड निर्णय लिहून आणायचा होता. सोमवारी पाचच्या आत अहवाल पोचला नाही, तर नोंदणी रद्द.

अहवाल भादव्यातच लिहून झाला होता. मामानं तिला जे सांगितलं ते त्यानं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. धोंडुमामी दवाखान्यात नेताना त्याच्या मांडीवर गेली, असंच सगळी वस्ती समजत होती. खरं तसं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरताना घाटात मामीला ताप चढला. बाकीच्या मेंढपाळांचे वाडे, म्हणजे तांडे, पुढं गेले होते. मेंढरं दोन दिवस उपाशी होती, त्यातली निम्मी दुसऱ्यांची. मामानं मामीला झाडाखाली घोंगड्यावर निजवलं, उशाला पाणी ठेवलं, कुत्रं बांधलं आणि मेंढरं खाली नेली. संध्याकाळी परत येतो म्हणाला. तो दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर पोचला. कुत्रं तेवढं जितं होतं.

सांगून झाल्यावर त्यानं शपथेला बिरोबाचा भंडारा उचलला. "यातलं एक अक्षर खोटं न्हाई. गावात काढायचं न्हाई. तुझ्या साहेबांफुडं ठेव आन त्यांना इचार, जोतिबाचं चुकलं का? शिकलेली माणसं हायती. सांगतील." मायानंही भंडारा उचलला होता.

अहवाल वाचून तिच्या मार्गदर्शकांनी, उदयसिंह सरांनी, मागची पानं उलटून बघितली होती. मग म्हणाले, "संमतीपत्र कुठंय?"

"सर, त्यांनी भंडारा उचललाय."

"मला पटतंय गं. पण समितीपुढं हळद ठेवू काय? सही आण, न्हाईतर अंगठा."

मामा रंगुबाईच्या अंगणात वाघरीची, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाची, जाळी सांधत बसला होता. मायाला बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं सुतळी खाली ठेवली.

"आलीस? काय म्हणालं साहेब?"

मायानं पिशवीतून कागद आणि शाईची डबी काढली. "मामा, त्याच्या आधी ह्यावर अंगठा लागतोय."

मामा कागदाकडं बघत राहिला. "भंडारा उचललाय की मी."

"व्हय. पण त्यांचा नियम हाय."

"त्यांचा. आन तुझा?"

मायानं डबीचं झाकण उघडलं. रंगुबाई आतून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. भंडारा उचलल्यावर पुन्हा साक्ष मागणं म्हणजे माणसाला तोंडावर लबाड म्हणणं. हे मायाला कुणी शिकवायला नको होतं.

"मामा, परवाचा दिवस शेवटचा हाय. सगळं शिक्षण पाण्यात जाईल माझं."

मामानं डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. घाई नाही, राग नाही. "वाच आता. काय लिवलंय ते कळू दे."

संमतीपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं, हाही नियमच होता, आणि तो अंगठ्याच्या आधीचा होता. माया वाचू लागली. नाव उघड होणार नाही. पैसे मिळणार नाहीत. सहाव्या कलमाशी तिचा आवाज बारीक झाला. "मी कवाबी माघार घेऊ शकतो. तसं केल्यास मी सांगितलेलं वापरलं जाणार नाही."

"म्हंजी मी दिल्यालं परत मागू शकतो?"

"व्हय."

"मग दे परत."

"मामा..."

"कागदात हाय न्हवं? फाड त्यो. माझं धोंडीपाशी काय ते मी बघतो."

"दादा, पोरीचं वर्स जाईल रं," रंगुबाई म्हणाली.

"माझी बायको गेली, रंगे." एवढंच म्हणून तो पुन्हा जाळीला लागला.

मायानं कागद फाडला नाही. तिनं त्याची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि चहा न पिता उठली. वाटभर तिनं स्वतःची समजूत घातली. त्याचं नाव कुठंच नाही, अहवालात तो सहभागी क्रमांक एक आहे. रागात बोलला, दिवाळीपर्यंत विसरेल. माघार तोंडी घेतली तर चालते का, हे तिला पाठ होतं: चालते. तासगावच्या थांब्यावर तिनं तो विचार सोडून दिला.

सोमवारी चार वाजता तिनं अहवाल दिला.

पुढच्या शनिवारी समिती बसली. बाहेरून आलेल्या मॅडमनी संमतीपत्र हातात धरून बाकीच्या विद्यार्थ्यांना दाखवलं. "बघा, निरक्षर सहभागी असूनही किती स्वच्छ अंगठा! प्रत्येक कलम वाचून दाखवलंत ना?"

"हो मॅडम."

"सहभागीची प्रतिक्रिया काय होती?"

"काही नाही," माया म्हणाली.

मामाचं चुकलं का, हे तिनं विचारलं नाही. तिथं तसा प्रश्नच निघाला नाही. कलमं, संदर्भ आणि समास यांवर चर्चा झाली, मग चहा आला.

निकाल दिवाळीनंतर लागला. त्याच आठवड्यात मेंढरं कोकणाकडं निघाली. दर साली मामाचा वाडा रंगुबाईच्या दारावरून जायचा. मामा थांबायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि मायाच्या कपाळाला भंडारा लावून वाटेला लागायचा.

त्या सकाळी माया तांब्या घेऊन रस्त्याकडंला उभी राहिली. मेंढरं दोन्ही अंगांनी जाऊ लागली. मामाचं कुत्रं तिला ओळखून शेपूट हलवत आलं आणि तिच्या पायाशी बसलं.

"मामा, पाणी."

मामा घोड्याचा कासरा धरून चालतच राहिला. दहा-बारा पावलं पुढं गेल्यावर मागं न बघता त्यानं शीळ घातली. कुत्रं उठलं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि पळत गेलं.

रंगुबाईनं तिच्या हातातला तांब्या घेतला. "काय घेतलंस गं त्याचं?" तिनं विचारलं.

मायानं कपाळावर बसलेली धूळ पुसली.