बोल्टवरची लाल रेघ

डॉक्टरांना स्टिअरिंगवर बसवून ती जीपखाली सरकली. चारही चाकं जमिनीवर होती, इंजिन चालू होतं. आता जरा डावीकडे, जरा उजवीकडे, असं हलकं हलकं हलवत राहा, असं तिने खालूनच सांगितलं आणि बॅटरीचा उजेड पुढच्या ॲक्सलवर धरून ती बघत पडून राहिली.

जनावरांच्या डॉक्टरांची ही जीप तीन इंच उंच करून दिल्याला अजून महिनाही झाला नव्हता. दगडाधोंड्यांतून गोठ्यांपर्यंत जावं लागतं म्हणून त्यांनी ती उचलून घेतली होती. काम केलं होतं तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. पण आठ दिवसांपासून साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थडथडायला लागायची, स्टिअरिंग हातात ठरायचं नाही, आणि गाडी पार उभी केल्याशिवाय ती थरथर सुटायची नाही. काल गाडीत डॉक्टरांची मुलगी होती. हे सांगताना डॉक्टर चिडले नव्हते, पण त्यांचा आवाज खाली गेला होता.

तेव्हा तिला जे वाटलं ती निव्वळ काळजीच होती, असं ती शपथेवर सांगू शकली नसती.

गॅरेजच्या दाराशी खुर्चीत बाबा बसले होते. हात कापायला लागल्यापासून ते गाडीखाली जात नसत. पण त्यांनी मान हलवल्याशिवाय कुठलीही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. एक तारखेपासून ती खुर्ची ते सोडणार होते. तिथे कोण बसणार, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. वीस वर्षं ती त्यांच्याबरोबर ग्रीसमध्ये हात घालत आली होती. जावयाला येऊन चार वर्षं झाली होती, आणि हल्ली गिऱ्हाइकं फाटकातूनच विचारायची, जावईबापू आहेत का? ती समोरच असायची. भिंतही समोरच असते.

रोज सकाळी शटर वर सरकवताना ती मनाशी ठरवायची, आज कुणाबद्दल वाकडं बोलायचं नाही. बोलतही नसे. मनात येण्याला मात्र शटर नव्हतं.

टायर, बेअरिंग, स्टिअरिंगच्या रॉडची टोकं, सगळं तिने आधीच एकेक करून तपासलं होतं. जिथे हात लावावा तिथे काम चोख निघत होतं, आणि दर वेळी ती गरजेपेक्षा जरा जास्तच जोर लावून हलवून बघत होती. आता उरला होता तो आडवा रॉड. ॲक्सल डाव्या-उजव्या बाजूला सरकू नये म्हणून तो त्याला चेसिसशी बांधून ठेवतो. डॉक्टरांनी स्टिअरिंग हलवलं आणि रॉडचं वरचं टोक बोल्टभोवती सरकलेलं तिला स्पष्ट दिसलं. आतला रबरी बुश फाटला होता.

का फाटला, तेही तिला कळलं. गाडी वर टांगलेली, चाकं लोंबकळती, अशा वेळी तो बोल्ट पक्का आवळला तर बुश तसाच धरला जातो. मग गाडी खाली आली की रबराला पीळ बसतो आणि तो पीळच त्याला फाडतो. चाकं जमिनीवर, मगच शेवटचा हात. जावई आला त्या पहिल्या आठवड्यात तिनेच हे त्याला शिकवलं होतं. त्याने वहीत लिहून घेतलं होतं, तेव्हा तिला हसू आलं होतं.

"सापडलं," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजातला आनंद तिला ऐकू आला. "बाबा, जरा इकडे येता?"

बाबांची काठी फरशीवर वाजायला लागली. तेवढ्यात तिने बोल्टवरचा चिखल अंगठ्याने पुसला. त्यांच्याकडे रीतच होती: बोल्ट शेवटचा ज्याने आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढायची. बाबांची पांढरी, तिची लाल, जावयाची पिवळी. बाबांना पिवळी रेघ स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी, एवढंच तिला हवं होतं.

चिखल निघाला. रेघ लाल होती.

मग सगळं आठवलं. गाडी घोड्यांवर, त्या लोखंडी तिवयांवर, चढवलेली होती. ताई, एवढा एक तुम्ही बसवून देता का, इथे तुमचाच हात बसतो, असं तो म्हणाला होता. ती खाली शिरली होती. आणि पलीकडे तो बाबांना काहीतरी सांगत होता आणि बाबा हसत होते, किती तरी दिवसांनी इतकं मोकळं हसत होते. तिचं लक्ष त्या हसण्याकडे होतं. पाना फिरत राहिला, रेघही ओढली गेली. चाकं कुठे आहेत, हे तिने बघितलंच नव्हतं.

काठी जवळ आली. तिने पेचकसाच्या टोकाने बोल्ट दोन-तीनदा खरवडला.

"कुणाची रेघ आहे?" बाबांनी वाकत विचारलं.

"काही दिसत नाही, बाबा."

हेही वाकडंच बोलणं होतं. कुणाबद्दल नव्हतं, एवढंच.

फाटकात मोटारसायकल थांबली. जावई सकाळी आठलाच, जीप यायच्याही आधी, काही सामान आणायला म्हणून गेला होता. डॉक्टरांचा कालचा फोन त्यानेच घेतला होता. तो आत आला, त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि खिशातून कागदात गुंडाळलेली वस्तू काढून जीपच्या बॉनेटवर ठेवली.

"दोन दुकानं फिरलो, ताई. तिसऱ्यात मिळाला."

ती बाहेर सरकून आली होती. कागदात नवा बुश होता. अजून कुणी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

"माझ्या हातून झालं हे," तो बाबांना म्हणाला. "चाकं लोंबकळती होती. काल फोनवर ऐकलं तेव्हाच लक्षात आलं."

डॉक्टर म्हणाले, की असं तोंडावर कबूल करणारा कारागीर त्यांनी आजवर बघितला नव्हता.  बाबांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्या कापऱ्या हाताकडे ती बघत राहिली. चूकसुद्धा याने तिच्या आधी उचलली होती, आणि तिथेही तोच मोठा ठरला होता. पेचकस तिच्या मुठीत होता. त्याच्या टोकाला लाल कण चिकटले होते.

बुश बदलायला तासभर लागला. दोघं मिळून काम करत होते. पाना द्या, धरा, सोडा, यापलीकडे बोलणं झालं नाही. गाडी घोड्यांवरून उतरवली. शेवटचा हात मारायला ती खाली शिरली. पान्याने टक् केलं. तिने हात बाहेर काढला.

"डबा."

त्याने हातात दिलेला रंगाचा डबा पिवळा होता. तिने तो फरशीवरून परत सरकवला.

"लाल."

"राहू द्या ना, ताई," तो अगदी हळू म्हणाला. "काम माझं आहे."

खालून तिला फक्त पाय दिसत होते. डॉक्टरांचे बूट, त्याच्या चपला, आणि त्यांच्या मधोमध बाबांची काठी.

"बाबा," ती म्हणाली, "इथली आधीची रेघ लाल होती. मीच खरवडली."

  त्या चपला वाकल्या आणि लाल डबा तिच्या हाताशी आला. काठी एक पाऊल पुढे सरकली.

"चाकं जमिनीवर आहेत का?" बाबांनी विचारलं.

तिने मान वळवून चारही चाकं बघितली. एकेक करून.

"आहेत, बाबा."

"मग ओढ."