गॅसमामाचा निकाल

"अहो, मास्क उलटा आहे त्याचा," गॅसमामा मोठ्याने म्हणाला, आणि पुढच्या रांगेतली बाई वळून त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू पेशंटला मारणारा डॉक्टर पडद्यावर नाही, तिच्या पाठीमागेच बसलाय.

गॅसमामा गप्प झाला. बाराचा खेळ होता, थिएटर पाऊण रिकामं. तो काही करमणुकीला आला नव्हता. मांडीवर औषधाच्या चिठ्ठीचा पाठकोरा कागद, हातात पेन, आणि पडद्याच्या उजेडात तो चुका टिपत होता. मास्क उलटा, ही सातवी.

घरचं प्रकरण असं होतं. त्याची मुलगी तेरा वर्षांची. घरात तिला सगळे वकील म्हणायचे, कारण साधी चहात साखर जास्त पडली तरी ती उलटतपासणी घ्यायची. दर महिन्याला तिचा घसा सुजायचा, ताप यायचा, आणि आता तर झोपेत मध्येच श्वास अडकायचा. बायको उठून बसायची, पुढचा श्वास येईपर्यंत स्वतःचा धरून ठेवायची. टॉन्सिल काढायचे ठरले होते. दोनदा तारीख घेतली, दोनदा गेली. एकदा ताप आला म्हणून, आणि एकदा वकील बाथरूमला आतून कडी लावून बसली म्हणून. आता तिसरी तारीख, सोमवारची. कशीबशी कबूल झाली होती.

आणि वर्गातल्या तीन मैत्रिणींनी त्याच्या आदल्या शनिवारी हा पिक्चर बघायचं ठरवलं. दवाखान्यातला पिक्चर. धडधाकट माणसं ऑपरेशनला आत जातात आणि परत बाहेर येत नाहीत, असला. आई म्हणाली, ऑपरेशन झाल्यावर बघ. वकील म्हणाली, तोवर पिक्चर जाईल, आणि सगळ्या बघून आल्या की मी काय त्यांची तोंडं बघत बसू? शेवटी बायकोने सगळं गॅसमामाच्या गळ्यात टाकलं. "दवाखाना तुमचं खातं. बघून या आणि काय तो निकाल द्या. बाकीच्या तिघींच्या आयांनाही मी तेच सांगितलंय."

म्हणजे चार पोरींचा निकाल. एकोणीस वर्षं तो दवाखान्यात होता. भूल द्यायच्या मशीनवरचा टेक्निशियन. सिलिंडर तपासायचे, नळ्या जोडायच्या, मॅडमनी पेशंटला भूल दिली की मशीनजवळ स्टुलावर बसून राहायचं. सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला गॅसमामा म्हणायचे. एवढ्या वर्षांत त्याला कुणी कशाचा निकाल मागितला नव्हता. म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

तिकीट खिडकीवरच्या माणसाला त्याने आधीच विचारलं होतं, पोरांना चालेल का म्हणून. तो पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, बारापर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर, त्यापुढची आपली आपण. मग जरा पुढे वाकून म्हणाला, पोरांचं माहीत नाही, पण काल एक मिशीवाला बाप्या अर्ध्यात उठून गेला.

आत बसल्यावर तर गोंधळ आणखीनच वाढला. बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं, हेच त्याला कळेना. रक्त मोजायचं? किंकाळ्या मोजायच्या? पलीकडे एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा बापाच्या शेजारी बसला होता. पडद्यावर रक्ताची चिळकांडी उडाली तसा तो हसून म्हणाला, सॉस आहे सॉस. आणि त्याच वेळी बापाने डोळ्यांवर हात धरला होता. आता यातल्या कुणाची भीती धरायची? गॅसमामाला स्वतःला तर काहीच वाटत नव्हतं. उघडं पोट, कापसाचे लाल बोळे, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्याला फक्त चुका दिसत होत्या, आणि त्या मात्र ठसठशीत दिसत होत्या. मॉनिटरची वायर खाली लोंबतेय आणि मॉनिटर टिकटिक करतोय. सर्जन हातमोज्याने नाक खाजवतो. बेशुद्ध माणसाच्या पापण्या थरथरतात. पिक्चर संपेपर्यंत कागदावर अकरा चुका झाल्या.

एकच गोष्ट बरोबर होती. ऑपरेशनच्या तीन-चार प्रसंगांत मागे कोपऱ्यात एक माणूस दिसायचा. स्टुलावर, मशीनला टेकून, एक पाय दांड्यावर, मोबाईलचा निळसर उजेड तोंडावर. त्याला ना नाव ना वाक्य. गॅसमामाला मनापासून हसू आलं. याला आपल्यातल्याच कुणीतरी बसायला शिकवलंय, असं त्याला वाटलं. कागदावर लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने पाण्याच्या तांब्याबरोबरच प्रश्न पुढे केला. गॅसमामा म्हणाला, सगळं खोटं, एक गोष्ट धड नाही.

"खोटं असेल हो. पण भीती वाटते का?"

"मला तर हसू येत होतं."

"तुम्हाला कशाला वाटेल भीती?" बायको म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने तांब्या रिकामा केला. पण इस्त्रीचा शर्ट घालून जाऊन आलेला माणूस, त्याने निकाल तर द्यायलाच हवा. त्याने दिला. जाऊ दे म्हणाला, बिनधास्त. वर मुलीला समोर बसवून यादी वाचून दाखवली, एक ते अकरा, म्हणजे तिच्या डोक्यात बसावं की हे सगळं नाटक आहे. वकिलाने हनुवटीला हात लावून सगळं ऐकलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तिथेच त्याने सावध व्हायला हवं होतं. पण तोवर बायकोचा फोन सुरू झाला होता, आणि तिन्ही आयांना निकाल कळला होता.

शनिवारी वकील पिक्चर बघून आली. जेवली, भावाशी भांडली, झोपली. बायको म्हणाली, बरं झालं बाई. गॅसमामाने खांदे उडवले, म्हणजे मी काय सांगत होतो.

रविवारी सकाळी तो बाल्कनीत बुटांना पॉलिश करत बसला होता. वकील आली आणि समोर उकिडवी बसली. हातात तो पाठकोरा कागद.

"बाबा, यात अकरा आहेत. मला बारा सापडल्या."

"वा. कुठली राहिली माझी?"

"कोपऱ्यातला माणूस. तो मोबाईल बघत होता. समोरचा माणूस बेशुद्ध पडलाय आणि हा मोबाईल बघतोय. ते तुम्ही लिहिलंच नाही."

गॅसमामाचा ब्रश थांबला. हो की, राहिलीच ती, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. दुसरा कुणी बाप असता तर पटकन म्हणून मोकळा झाला असता. पण त्याच्या तोंडून ते वेळेवर निघालंच नाही, आणि वकिलाला तेवढं पुरलं.

"म्हणजे ती चूक नाहीये," ती हळू म्हणाली. "तसंच असतं."

तो म्हणाला, तसं नसतं, म्हणजे असतं, पण तू समजतेस तसं नसतं. मशीनला आवाज असतो, कान तिकडेच असतो, सगळं सुरळीत चाललं की दोन-दोन तास माणसाने नुसतं बघायचं तरी काय? बोलता बोलता त्यालाच कळेना की तो तिला समजावतोय की स्वतःला.

"तुम्ही पण बघता?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे काल?"

काल शनिवार. काल हर्नियाचं एक होतं. त्याने मान हलवली.

वकील रडली नाही, ओरडली नाही. त्या पिक्चरमधलं रक्त, सुऱ्या, तळघरातला म्हातारा डॉक्टर, यातलं तिला काही लागलंच नव्हतं. ते खोटं आहे हे बापानेच पाठ करून घेतलं होतं. तिच्या अंगावर आलं ते एवढंच, जे खरं होतं. ती उठली आणि म्हणाली, मी उद्या येणार नाही.

मग दिवसभर घरात ते प्रकरण चाललं. आईने समजावलं, आईने दरडावलं, आई रडली. गॅसमामा समोर आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. संध्याकाळी बाथरूमची कडी लागली. बायको दाराबाहेर, गॅसमामा तिच्या मागे, हात पुसायचं फडकं उगाच पिळत. शेवटी आतून आवाज आला.

"तुम्ही बसणार असाल मशीनजवळ तर येते. आणि मोबाईल घरी ठेवायचा."

"मीच बसणार," गॅसमामा म्हणाला. कडी निघाली.

आता खरी गोष्ट अशी, की आपल्या माणसाच्या ऑपरेशनला आपण आत उभं राहायचं नाही, हा तिथला नियम. कुठे लिहिलेला नाही, पण सर्जनही पाळायचे. गॅसमामाला तो माहीत होता. मॅडमना विनंती करू, एवढ्यावर त्याने वेळ मारून नेली होती.

सोमवारी सकाळी मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, तुम्ही आत असलात की तुमचे डोळे मॉनिटरवर नाही, तिच्या तोंडावर राहतील, आणि मग मला दोन पेशंट सांभाळावे लागतील. मशीनवर तुमचा जोडीदार कप्तान बसेल. तुम्ही आज रजा टाका.

रजा टाकून गॅसमामा साध्या कपड्यांत मुलीकडे गेला. ती हिरव्या झग्यात पलंगावर पाय सोडून बसली होती, तो झगा तिला दोन माप मोठा. तिने त्याच्या शर्टाकडे बघितलं आणि तिला कळलं. काही सांगायची गरज उरली नव्हती, तरी त्याने सांगितलं. नियम सांगितला, नियम आधीपासून माहीत होता हेही सांगितलं. थाप मारली होती म्हणाला.

"कोण बसणार?"

"कप्तान. चौदा वर्षं आहे माझ्याबरोबर."

"तो बघतो मोबाईल?"

बायको शेजारी उभी होती. तिने डोळ्यांनी खूण केली, नाही म्हणा. गॅसमामाने ती बघितली.

"बघतो," तो म्हणाला. "आम्ही सगळेच बघतो."

बायकोने कपाळाला हात लावला. वकील झग्याच्या नाडीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "त्याला सांगा, आज नको. तुम्ही जाऊन सांगा. मी इथेच आहे."

बाहेरच्या माणसाला यात काय अवघड ते कळणार नाही. चौदा वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते. एकमेकांच्या पाळ्या केल्या, एकमेकांच्या चुका मॅडमपासून लपवल्या. पण तू तुझ्या मशीनवर कसा बस, हे एकाने दुसऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. ते सांगणं म्हणजे तोंडावर म्हणणं, की माझा तुझ्यावर भरवसा नाही.

कप्तान नळ्या जोडत होता. टोपी नेहमीसारखी तिरपी. गॅसमामाला बघून म्हणाला, काय मामा, आज पाहुणे? गॅसमामाने सांगितलं. हसत सांगायचं ठरवलं होतं, पण हसू कुठे अडकलं कोण जाणे. पोरीने पिक्चर बघितलाय, पोरीचा हट्ट आहे, असं काहीतरी जोडत गेला.

कप्तानने सगळं ऐकलं. मग विचारलं, "पोरगी म्हणते, की तू म्हणतोस?"

गॅसमामाला खरंच ठरवता येईना. "दोघं," तो म्हणाला.

कप्तानने हातातली नळी खाली ठेवली. खिशातून मोबाईल काढला, बंद केला, कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. मग टोपी सरळ केली आणि पाठ करून सिलिंडरचा काटा तपासायला लागला. एकदा तपासून झालेला काटा त्याने पुन्हा तपासला. गॅसमामा तिथे उभा आहे की गेला, हे त्याने वळून बघितलं नाही.

वकील आत गेली. स्ट्रेचरवर झोपायला नको म्हणाली, चालतच गेली, झगा दोन्ही हातांनी उचलून धरून. दार लागलं. बायको खाली फॉर्म भरायला गेली.

गॅसमामा दाराबाहेर उभा राहिला. एकोणीस वर्षांत या दाराच्या ह्या बाजूला तो कधी थांबला नव्हता. दार ढकलायचं आणि आत जायचं, एवढंच. आता टिकटिक ऐकू येते का म्हणून त्याने कान दिला. काही येत नव्हतं. दार इतकं जाड आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. कुणीतरी आतून चाकाची खुर्ची घेऊन आलं, मामा जरा बाजूला म्हणालं. तो बाजूला झाला. परत उभं कुठे राहावं ते कळेना, हातांचं काय करावं तेही कळेना.

भिंतीशी एक बाक होता. त्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, शेजारी प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बाईमाणसाच्या चपला. ते मघापासून त्याची चुळबुळ बघत असावेत. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "पहिल्यांदाच आलात का इथे?"

"हो," गॅसमामा म्हणाला, आणि बसला.