चांदीला वास नसतो

मित्रांनो, मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. तुम्ही बाटलीवर वाढलेले, म्हणून ओळख करून देतो. मागे छोटी वाटी, पुढे चिमणीच्या चोचीसारखी बारीक नळी. वाटीत दूध ओतायचं, चोच बाळाच्या तोंडात द्यायची, बाकी काम बाळाचं. नाशिकच्या एका सोनाराने मला घडवलं. नक्षी इतकी सुरेख केली की आतून धुवायचं कसं, याचा विचार करायला त्याला वेळच उरला नाही.

पंचवटीतल्या एका भाजीवाल्याच्या घरात मी चार पिढ्या राबलो. सात बाळं माझ्यातून प्यायली. पाच मोठी झाली. दोघांना दृष्ट लागली, असं घरात ठरलं. मला तोंड होतं, पण ते कायम दुसऱ्याच्या तोंडात असायचं.

यंदा आठवं बाळ आलं, सृष्टी. ती आठ महिन्यांची झाली, तिची आई तेजल पुन्हा नोकरीवर जाऊ लागली आणि आजी नवसाबाईंनी मला कपाटातून काढलं. मला घासणी लावायची नाही, चरे पडतात, हा घराचा नियम. पाण्यातून काढायचं, पदराने पुसायचं. माझ्या चोचीत कालचं दूध, त्यामागे परवाचं, अशी मंडळी रांगेत उभी असत.

चौथ्या दिवशी सृष्टीला जुलाब लागले.

"दात येत्यात," नवसाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वेळा झाले, वर उलट्या.

"तूच हापिसात कायतरी चरली असशील. तेच दुधात उतरलं," त्या सुनेला म्हणाल्या. तेजलचं अंगावरचं दूध बंद. पाणीही बंद, कारण पाण्याने जुलाब वाढतात हे शेजारच्या रंगनाथमामांना पक्कं ठाऊक होतं. रंगनाथमामा गाड्यांच्या बॅटऱ्या विकतात. चालू राहिलो तो फक्त मी, वरच्या दुधाचे दोन-दोन घोट. चांदीने पोट थंड राहतं म्हणे.

जुलाबांच्या तिसऱ्या दिवशी सृष्टी रडली, पण डोळ्यांतून पाणी येईना. जीभ कोरडी, डोळे खोल, सकाळपासून लघवी नाही. डोक्यावरची टाळू खड्ड्यासारखी आत गेली.

"टाळू बसली गं! तेल आण!"

पाणी खालून निघून गेलं होतं आणि आजी वरून तेल भरत होत्या. खड्ड्यात मावलं तेवढं भरलं. मग सृष्टी रडायची थांबली.

"बघा, गुण आला," रंगनाथमामा म्हणाले.

तेजलने लेकीला उचललं तर मान लटकली. ती अनवाणीच धावली. बाळाच्या पिशवीतून मीही गेलो, मागून आजी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सृष्टीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी संपलंय हिच्या अंगातलं. अजून दोन तास थांबला असतात, तर मला त्रासच नसता दिला," त्या म्हणाल्या आणि सलाईनसाठी शीर शोधू लागल्या. पाच वेळा टोचलं, सृष्टी हलली नाही. सहाव्याला ती रडली.

"छान," डॉक्टर म्हणाल्या.

मग माझी पाळी. त्यांनी चोचीत सुई घालून पिवळा गोळा बाहेर काढला आणि आजींपुढे धरला. "हुंगा."

नवसाबाईंनी हुंगलं. "चांदीला वास नसतो, बाई."

दुसऱ्या दिवशी स्टीलचा चमचा आला. ना नक्षी, ना घराणं. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, चमच्या-चमच्याने. सोबत आईचं दूध आणि चौदा दिवस झिंक. एवढ्यावर सृष्टीने लंगोट ओला केला. तो ओला लंगोट छातीशी धरून तेजल रडली. घरी आल्यावर आजींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि सगळं श्रेय मोहऱ्यांनी नेलं.

मित्रांनो, म्हाताऱ्या भांड्याने शेवटी 'मला जपा' म्हणायचं असतं. मला जपू नका. फार जपलंय. काल नवसाबाईंनी मला पुसून लाल फडक्यात बांधलं. निफाडला त्यांच्या लेकीला, वेदिकाला, मुलगा झालाय.

"आई, नका ना पाठवू," तेजल म्हणाली.

"तुझी झाली ना बरी? मग त्याचा वाटा का खाती?"

तेव्हा निफाडच्या गाडीत कुणी असाल आणि एखाद्या आजीच्या मांडीवर लाल पुडकं दिसलं, तर खुशाल पळवा. सराफाकडे न्या, वितळवा, जोडवी करा. पायांना जुलाब होत नाहीत.