खाणीपासून क्रशरपर्यंत

टेबलावरच्या छोट्या रेल्वेचा शेवटचा रूळ तिने चिमट्याने दाबून बसवला, सांध्यावरून नख फिरवून पाहिलं आणि एक रिकामा डबा वरून सोडून दिला. कड्याखालून निघालेला डबा वळण घेऊन खाली खडी फोडायच्या क्रशरपाशी आला. कुठे म्हणून अडखळला नाही.

“बघितलंस?”

वहिनीने बघितलं होतं. पण तिची नजर वळणावरून हलेना.

“तेवढं वळण गाळलं असतंस तर चाललं असतं गं. उद्या वाचनालयात मांडायचंय ना? मांड. ह्यांना आधी दाखवायचा हट्ट कशाला?”

“वळण गाळून रूळ कुठून नेऊ? हवेतून?”

कवळ्या बनवण्यात तिची हयात गेली होती. केसाएवढा फरक बोटांना कळायचा. दगडखाणीतली ती मैलभराची रेल्वे कधीच भंगारात गेली होती. जुना नकाशा मिळवून तिने ती टेबलावर उभी केली होती. तिथलं इंजिन तिचा मोठा भाऊ चालवायचा आणि शेवटच्या डब्यावर बसून त्यांचे काका ब्रेक आवळायचे. एका सकाळी त्या वळणावर डबे उलटले, काका दगडांखाली गेले. चौकशीत दादाचा दोष निघाला नाही. तरी त्याने इंजिन सोडलं ते सोडलंच. घरात खाणीचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा.

तो आला. चपला काढायला त्याने उगाचच वेळ लावला. मग हात पाठीशी बांधून टेबलाला एक फेरी मारली.

“कडा कशाचा केलास?”

“कवळीच्या प्लास्टरचा.”

“म्हणजे डोंगर चावणार.”

वहिनी हसली, जरा जास्तच मोठ्याने.

बहिणीने वेगाची कळ त्याच्यापुढे सरकवली. “चालव.”

“मी?”

“मग काय मी? मी दातवाली.”

त्याने कळ फिरवली. इंजिन हललं, दगडांनी भरलेले डबे एकेक करून ओढले गेले. वळण जवळ येताच त्याचा अंगठा आपोआप मागे आला. वहिनीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. बहीण गाडीकडे बघतच नव्हती. ती भावाचा चेहरा वाचत होती. मुंगीच्या पावलांनी गाडी वळली, सरळ झाली आणि क्रशरपाशी जाऊन थांबली.

“रूळ बरोबर आहेत ना?” तिने विचारलं.

“रूळ चोख आहेत.” तो वाकला, डोळे टेबलाच्या काठाशी नेले. “पण एक चूक आहे.”

“चूक? कुठे?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“शेवटच्या डब्यावर माणूस नाही.”

“मुद्दामच नाही ठेवला, दादा.”

“त्यांच्याशिवाय मी गाडी कधी सोडलीच नाही.”

त्याने स्टूल ओढलं आणि टेबलाशी ठाण मांडून बसला. वहिनीने खुर्चीवरचा हात काढला.

बहिणीने वाटीत चिमूटभर प्लास्टर घेतलं, पाणी घातलं, ढवळलं.

“उभे दाखवू की बसलेले?”

“बसलेले. पाय बाहेर सोडून. ओरडून ओरडून घसा बसायचा माझा, पण ऐकतील तर काका कसले!”

प्लास्टर घट्ट होताच तिचं कोरायचं पातं चालू लागलं. दादा चष्मा पुसून पुढे झुकला.

“पाय जरा लांब कर,” तो म्हणाला. “उंच होते ते.”