रोहीची कोरी चिठ्ठी

बोलीकोशाच्या कचेरीत अनंतरावांचा दरारा होता. शब्द समोरच्याच्या तोंडात घालायचा नाही, चित्र दाखवायचं आणि तो बोलेल तेच चिठ्ठीवर उतरवायचं, हा नियम त्यांचाच. आठवणीतून भरलेली चिठ्ठी ते सरळ फाडून टाकत.

म्हणून ‘रोही’ची चिठ्ठी कोरी पाहून संपादक ऋतिका म्हणाली, "काका, काकू वर्ध्याच्या ना? मग आपण बाहेर कशाला वणवण करतोय?"

अनंतराव कसंनुसं हसले. वर्ध्याकडे रोही म्हणजे नीलगाय. नावाला गाय, जात हरणाकुरंगांची. लग्न होऊन कोथरूडला आलेल्या त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई एकदा पाहुण्यांसमोर रंगात येऊन सांगत होत्या, "रोही आले का वावरात, तं बाबा डबा वाजवत धावे." अनंतरावांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "अगं, शेतात नीलगाय आली म्हणावं. चारचौघांत आहेस." पाहुणे हसले. पुढे बाईंचा एकेक शब्द त्यांनी असाच खुडला, आणि बायकोला सुधारलं म्हणून वर मिरवलेसुद्धा. मोठे शहाणे!

आता तो शब्द तिच्या नावानिशी कोशात जावा, एवढंच त्यांना हवं होतं. माफी मागायची दुसरी रीत त्यांना येत नव्हती.

संध्याकाळी बाई मेथी निवडत बसल्या होत्या. अनंतरावांनी चित्र पुढे केलं. "हे काय आहे गं?"

"नीलगाय."

"तुझ्या माहेरच्या आठवणीतलं काहीतरी सांग ना हिच्याबद्दल."

बाईंनी चित्र लांब धरून पाहिलं. ओठ जरासे हलले. अनंतरावांनी पेन चिठ्ठीवर टेकवलं.

"आमच्या शेतात नीलगाय येत असे. वडील डबा वाजवून तिला हाकलत असत." शाळेत धडा म्हणावा तशा बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "अहो, बरोबर आहे ना आता?"

टोमणा असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण बाई खरंच विचारत होत्या.

त्यांनीच काढून घेतलेला शब्द परत तिच्या तोंडात घालायला नियमाची बंदी होती, आणि नियमही त्यांचाच. अनंतरावांना रडू फुटेलसं झालं.

"अगदी बरोबर," ते म्हणाले. कोरी चिठ्ठी खिशात ठेवून ते मेथीची जुडी सोडवायला बसले.